देविदासच्या नावाची ढेप

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी दाढ दुखली तरी दिवसातून तीनदा कळतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नाही — खरं सांगायचं म्हणून बसलोय तर पहिल्याच ओळीपासून सांगावं. मी घाबरलो आहे. गेले चार दिवस चहाचा कप हातात घेतला की बशी वाजते, आणि मिलमधली माणसं विचारतात, दिवाणजी, बीपी वाढला का?

आधी मी कोण ते सांगतो. घाटंजीला सरकीचं तेल काढणारी एक लहान मिल आहे. तेल व्यापारी नेतात, आणि मागे जी ढेप राहते ती आमच्या भागातली गुरं खातात. त्या मिलमध्ये मी तीस वर्षं लिहिण्याचं काम करतो. मला सगळे दिवाणजी म्हणतात. अक्षर चांगलं आहे माझं. हे मी उगीच मिरवत नाही. या गोष्टीत माझ्या अक्षराचाही हात आहे.

पूर्वी आमच्याकडे सगळा कारभार अंदाजाचा होता. शेठजी सकाळी आभाळाकडे बघायचे, बोटांवर हिशोब करायचे आणि म्हणायचे, आज घाणा दिवसभर चालू द्या. ढेपेची थप्पी गोदामात छतापर्यंत जायची. बाजाराच्या दिवशी कधी पुरायची नाही, कधी महिनाभर पडून राहायची. पावसाळ्यात पडून राहिलेली ढेप म्हणजे काय, हे गुरं पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिला बुरशी येते. लोक पोतं परत आणून दारात आपटायचे आणि शिव्या मला खाव्या लागायच्या.

मग मी एक गोष्ट सुचवली. सुचवली कसली — महिनाभर शेठजींचं डोकं खाल्लं. म्हटलं, आपण आधी विचारू आणि मग घाणा चालवू. बाजाराच्या तीन दिवस आधी मी एकेका गिऱ्हाइकाला फोन करीन, कोणाला किती पोती लागणार ते लिहून घेईन, आणि तेवढीच ढेप काढायची. सरकीसुद्धा त्या हिशोबानंच घ्यायची. ज्याच्यासाठी पोतं भरलं त्याच्या नावाची चिठ्ठी पोत्याच्या तोंडाला शिवायची. माणसानं बाजारात यावं, आपलं नाव शोधावं, पोतं उचलावं.

ते चाललं. तुम्हाला सांगतो, असं चाललं की मला स्वतःचा हेवा वाटावा. बाजाराच्या संध्याकाळी गोदाम रिकामं असायचं आणि मी स्वतः त्यात झाडू मारायचो. लोकांना ती चिठ्ठी फार आवडली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते चिठ्ठीवर बोट ठेवून विचारायचे, हे माह्यंच नाव होय ना? हो म्हटलं की पोतं असं उचलायचे, जशी घरचीच वस्तू आहे. आपल्या नावावर काढलेली ढेप — ताजीच असणार. त्यात शंका कसली?

त्या वहीला सगळे ‘नावाची वही’ म्हणायचे. घाण्यावर रोज किती ढेप निघाली ते लिहायची वही वेगळी. तीही माझ्याच हातची. या दोन वह्या जुळल्या पाहिजेत. आणि सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका आठवड्यात त्या जुळत नाहीत.

आता नेहाबद्दल सांगतो. नेहा शेठजींची मुलगी. शिकून आली आणि तिनं बापाच्या शेजारी टेबल टाकलं. गुणी पोरगी आहे, मला काका म्हणते. तिच्या डोक्यात असं आलं की काकांच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. म्हणजे कोणत्या महिन्यात कोण किती मागतो, पाऊस लांबला की मागणी किती हलते, हे आधीच कळेल. कल्पना चांगली आहे. माझ्याच कल्पनेचं ते पुढचं पाऊल आहे. ती हे सांगत होती आणि मी मान हलवत होतो.

चार दिवसांपूर्वी तिनं मला बोलावलं. नावाची वही उघडी होती. ती म्हणाली, “काका, या अकरा जणांनी नाव दिलं, प्रत्येकी दोन पोती. पण उचलल्याची खूण एकाच्याही पुढे नाही. असं कसं?”

मी म्हटलं, नाल्याला पूर होता, रस्ता बंद होता. ती म्हणाली, अच्छा. आणि पान उलटलं.

पूर होता हे खरं. पण त्या अकरा जणांनी नाव दिलंच नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लागला तो पंधरा दिवस उघडला नाही. नावं घ्यायच्या दिवशी मी फोन लावत होतो आणि अर्धे फोन लागतच नव्हते. जे लागले ते म्हणाले, या बाजाराला येणं नाही होत. सगळी मिळून एकोणीस पोती झाली. शेठजींनी सुरुवातीलाच बजावलं होतं — चाळीसच्या खाली घाणा गरम करणं परवडत नाही. तसं झालं तर तुमची वही गुंडाळायची आणि पुन्हा जुनी पद्धत. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले, “काय दिवाणजी, वही भिजली का तुमची?”

मजूर हसले. मीही हसलो. आणि खुर्चीवर येऊन अकरा नावं लिहिली.

मजुरांचा रोज बुडू नये म्हणून लिहिली, असं म्हणता आलं असतं. एक-दोनदा स्वतःला तसं म्हणूनही पाहिलं. खोटं आहे ते. माझी वही बंद पडेल याची मला धास्ती वाटली, एवढंच. आणि मनात म्हटलं, ही माणसं दर आठवड्याला दोन पोती नेतातच की. आज बोलली नसतील, पण येतील. म्हणजे मी काय केलं ते बघा. ज्या अंदाजाला मी वर्षभर नावं ठेवली, तोच अंदाज सुंदर अक्षरात लिहिला आणि त्याला मागणी म्हटलं. एकोणीस आणि बावीस, एकेचाळीस झाली. घाणा चालला.

ते अकरा जण आले नाहीत. बावीस पोती गोदामात राहिली. शेठजींना दिसू नयेत म्हणून मी ती मागच्या कोपऱ्यात नेऊन रचली आणि वर रिकाम्या बारदान्याचा ढीग टाकला. त्याच कोपऱ्यात पत्रा गळत होता. मला ठाऊक होतं का? होतं. पत्र्याला डांबर लावायचं हे कामांच्या यादीत मीच लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात रस्ते बंदच होते, मिलही बंद राहिली. त्यानंतर ऊन पडलं, आणि लोकांनी दोन आठवड्यांची तूट भरून काढायला भराभर नावं दिली. चोपन्न पोती. मी बारदाना बाजूला केला. खालची पोती हाताला गरम लागली. एकाचं तोंड सोडलं तर आत राखाडी-हिरवट लव, आणि तो वास. एकदा नाकात गेला की जेवताना आठवतो, तसला वास.

तेव्हा शेठजींकडे जायला हवं होतं. काय झालं असतं? ओरडले असते. चार माणसांत पाणउतारा झाला असता. याहून जास्त काही नाही. मी गेलो नाही.

मी ढेप मागच्या अंगणात उन्हात पसरली. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, जरा ओलसर आहे. वरची लव खराट्यानं झाडली. पोती बदलली. आणि घाण्यावर जाऊन सांगितलं, या आठवड्याला बत्तीसच काढा. चोपन्नातून बावीस गेले की बत्तीस. चाळीसच्या खाली, पण शेठजी बघायचे तो आकडा नावाच्या वहीतला, आणि तिथे चोपन्न होते. मग बसून त्या बावीस पोत्यांवर चिठ्ठ्या शिवल्या — ज्यांनी विश्वासानं ताज्या ढेपेसाठी नाव दिलं होतं, त्यांच्या नावाच्या.

कोणाच्या, ते मी निवडलं. इथे माझी जीभ अडखळते. घाटंजीतल्या कोणाच्याही नाही. ते दुसऱ्याच दिवशी पोतं परत आणून आपटतील. मोठ्या शेतकऱ्यांच्या नाही. मी लांबची नावं काढली. नाल्यापलीकडची दोन खेडी, आणि एक तांडा. भाडं भरून पोतं परत आणणं ज्यांना जमणार नव्हतं, ती माणसं. माझी वही इतकी नीट होती की कोण कुठून येतो, कशानं येतो, सगळं तिच्यात लिहिलेलं होतं. शोधायला वेळ लागला नाही.

त्या तांड्यावरचा देविदास. दोन पोती.

देविदास आधी दर वर्षी ऊसतोडीला जायचा. नवरा-बायको दोघंही. मग त्यांनी एक म्हैस घेतली, दूध घाटंजीतल्या हॉटेलात घालायला लागले आणि ऊसतोड सुटली. तो मला म्हणाला होता, “दिवाणजी, या दिवाळीले पयल्यांदा घरी राह्यलो जी.” नावाच्या वहीत पहिलं नाव आपलंच लागलं पाहिजे, असं तो म्हणायचा. मी फोन करायच्या आधी त्याचाच फोन यायचा. दोन पोती लिहा.

बाजार झाला. पुढच्या नावं घ्यायच्या दिवशी मी फोन लावायला बसलो. नाल्यापलीकडचा पहिला माणूस म्हणाला, “या बारीले नको जी. जनावरं ढेपीले तोंड लावून नाही राह्यले.” मी म्हटलं, हवा बदलली असेल. दुसऱ्या गावचा म्हणाला, नको, गाय दुधाला कमी झाली. तिसऱ्यानं मागणी अर्ध्यावर आणली. तीन फोन. शेठजींना माहीत नव्हतं, त्या माणसांना एकमेकांचं माहीत नव्हतं, गुरांच्या डॉक्टरला माहीत नव्हतं. साऱ्या तालुक्यात फक्त मला कळलं होतं की काय होतंय आणि पुढे काय होणार आहे. आधी कळावं म्हणूनच तर ती वही काढली होती ना मी?

चौथा फोन देविदासच्या घरचा होता. त्या फोनवर येतो. थोडा वेळ द्या मला.

दोन दिवसांनी म्हैस मेली.

पाऊस उघडून ऊन तापलं होतं, आणि अशा वेळी कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला विष चढतं, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हैस चारायला देविदासनं नेली होती. बांधाला ज्वारी होती. तांड्यानं निकाल लावून टाकला — याचं लक्ष नव्हतं, म्हैस ज्वारीत शिरली. डॉक्टर यायच्या आधी पुरूनही टाकली. देविदास एकटा सांगत होता की म्हैस बांध ओलांडून गेलीच नाही, आणि ढेपेला वास येत होता.

ही गोष्ट शेठजींच्या कानावर आली. ते म्हणाले, गिऱ्हाईक आहे, जाऊन या, वही घेऊन जा.

सकाळी गेलो. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या अंगणात दहा-बारा माणसं बसली होती. मला खाट दिली, पाणी दिलं. देविदास उभाच होता. शेवंताबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाशी. नायक म्हातारा, शांत माणूस. तो म्हणाला, “दिवाणजी, हा म्हणते ढेप खराब होती. आमी म्हणतो याले डुलकी लागली. तुमी सांगा. तुमचं लिहेल असते.”

मी वही उघडली. पान तळहातानं दाबून धरलं. देविदासचं नाव, दोन पोती, त्याच आठवड्याची तारीख. मी वाचून दाखवलं. म्हटलं, ही याच्या नावावर काढलेली ताजी ढेप आहे. घाण्यातून निघून तीन दिवसांत गेली.

सगळे देविदासकडे बघायला लागले.

तो काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं मला शिव्या घालाव्यात, खोटारडा म्हणावं — तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं का, ते आता सांगता येत नाही. तो वहीजवळ आला. त्याला वाचता येत नाही. त्यानं आपल्या नावावर बोट ठेवलं, बाजारात चिठ्ठीवर ठेवायचा तसंच. बराच वेळ ठेवलं. मग हळूच म्हणाला, “लिहेल हाये तं खरंच असन. मले डुलकी लागली असन.”

बस. एवढंच. मिटलं.

त्याचं नाक खरं सांगत होतं, डोळे खरं सांगत होते, आणि माझ्या अक्षरासमोर त्यानं दोन्ही खोटे मानले. त्या वर्षी दिवाळीआधी ते दोघं पुन्हा ऊसतोडीच्या गाडीत बसले. तीन हंगाम गेले. आता तो परत आला आहे, एक गाय आहे त्याच्याकडे. मी कधी बाजारात भेटलो तर तो स्वतःच ती गोष्ट काढतो. आता त्याला सगळं आठवतं, म्हणतो — झाडाखाली बसलो होतो, डोळा लागला, उठलो तर म्हैस ज्वारीत. कोणत्या झाडाखाली तेसुद्धा सांगतो. मी मान हलवत ऐकून घेतो. जे झालंच नाही ते त्याला आठवतं. मी ते त्याच्या डोक्यात घातलं.

आणि भीती? ती सात वर्षं सोबतच आहे. पहिली काही वर्षं फोन वाजला की तो दुसऱ्या कोणीतरी उचलावा म्हणून मी वाट बघायचो. मग सवय झाली. आता नेहामुळे पुन्हा सुरू झालंय. नावाची वही तिची कॉम्प्युटरवर चढवून झाली. घाण्याची वही तिच्या टेबलावर आहे, अजून दोरीनं बांधलेली. ती उघडली की तिला एका बाजूला चोपन्न दिसतील आणि दुसऱ्या बाजूला बत्तीस. मागच्या पानावर न उचललेली बावीस तिनं पाहिलीच आहेत. हुशार आहे ती. तिला विचारायलाही लागणार नाही.

काल दुपारी ती जेवायला गेली तेव्हा मी त्या टेबलाजवळ गेलो. घाण्याच्या वहीवर हात ठेवला. बाजूलाच माझी पिशवी होती. किती सोपं होतं. मी वही उचलली नाही — आणि यात माझा काही मोठेपणा आहे असं समजू नका. पायऱ्यांवर कोणाची तरी चप्पल वाजली आणि मी पळालो, एवढंच.

पण मला भीती नेहाची नाही. ते बत्तीस आणि चोपन्न तिला सापडले तर ती एवढंच म्हणेल की काकांनी जुना माल खपवला. शेठजी चार दिवस बोलणार नाहीत. मला भीती आहे ती तिला जे कधीच सापडणार नाही त्याची. ते कोणत्याही वहीत नाही. तो चौथा फोन.

मी लावला होता. देविदास रानात होता, शेवंताबाईनं उचलला. मी विचारलं, किती लिहू? ती म्हणाली, “ते मंग सांगतो. पयले हे सांगा दिवाणजी, म्हैस कालपासून ढेपीले तोंड लावून नाही राह्यली. वास घेते अन् मान फिरवते. देऊ का नको?”

त्याआधीचे तीन फोन माझ्या समोर होते. त्याच पानावर, एकाखाली एक. म्हैस अजून उभी होती. नको देऊ, पोतं फेकून दे — एवढंच म्हणायचं होतं. पण मी नको म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, काहून? का नको? आणि त्या ‘काहून’ची मला इतकी भीती वाटली की मी घाईघाईनं बोलून गेलो.

मी म्हटलं, थोडा गूळ कालवा, म्हणजे खाईल.

“बरं झालं तुमाले इचारलं,” ती म्हणाली. आणि मी देविदासच्या नावापुढे नेहमीप्रमाणे दोन पोती लिहिली.